फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये कामाचे टप्पे, माणसे आणि क्षमता यांचे नियोजन

फर्निचरची ऑर्डर आली की बहुतेक वर्कशॉपमध्ये एकच हिशोब मांडला जातो: एका नगाला किती तास लागतात, आपल्याकडे माणसे किती आहेत आणि त्यावरून माल किती दिवसांत तयार होईल. हा हिशोब चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. लाकडाच्या कामात बराचसा वेळ असा जातो की ज्यात कोणाचा हात गुंतलेला नसतो, तरीही जागा मात्र अडून राहते. शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) आवळलेली चौकट सरस धरेपर्यंत हलवता येत नाही आणि सीलर, म्हणजे पॉलिशखालचा पहिला थर, मारलेला टेबलटॉप वाळेपर्यंत त्याच्या आसपास धूळसुद्धा उडवता येत नाही. म्हणून नियोजन करताना माणसांच्या तासांचे एक आणि जागेच्या तासांचे दुसरे, अशी दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. ठरलेली तारीख बहुधा दुसऱ्या खात्यामुळे चुकते आणि दोष मात्र पहिल्या खात्यातल्या कारागिरांच्या माथी मारला जातो.

टप्पे कागदावर उतरवणे

सर्वप्रथम आपण बनवत असलेल्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूचा प्रवास क्रमाने लिहून काढावा. भरीव लाकडाच्या टेबलासाठी तो साधारण असा असतो: लाकूड निवडणे, ढोबळ मापाला कापणे, एक पृष्ठभाग व एक कड सरळ करणे, जाडी काढणे, नेमक्या मापाला कापणे, खाचा आणि त्यांत बसणारी टोके म्हणजे कुसू काढणे, सरस न लावता जुळवून पाहणे, सरस लावून आवळणे, घासाई, सीलर, मधली घासाई, पॉलिशचे शेवटचे हात (थर), फिटिंग, तपासणी आणि पॅकिंग. प्लायवूड किंवा लॅमिनेटच्या बोर्डातून होणाऱ्या कपाटाचा मार्ग यापेक्षा आखूड असतो. त्यात कटिंग, कडांना पट्टी लावणे, छिद्रे पाडणे, जुळणी आणि बिजागऱ्या आणि ड्रॉवर सरकण्यासाठीचे चॅनेल बसवणे एवढेच मुख्य टप्पे येतात. एका कागदावर दोन्ही मार्ग शेजारी शेजारी मांडले की ते कोणत्या ठिकाणी एकाच यंत्रावर किंवा एकाच माणसापाशी येऊन मिळतात, हे लगेच दिसते. नियोजनातली खरी ओढाताण तिथेच होते.

प्रत्येक टप्प्यासमोर पाच गोष्टी नोंदवाव्यात: त्याच्या आधी काय पूर्ण झालेले असले पाहिजे, काम कोण करू शकतो, कोणते यंत्र लागते, हात किती वेळ गुंततो आणि त्यानंतर नग किती वेळ नुसता थांबतो. पाचवी नोंद हमखास राहून जाते. पांढऱ्या सरसाने जोडलेली चौकट साधारण अर्धा ते एक तास आवळून ठेवावी लागते आणि सांध्याला पूर्ण ताकद यायला सुमारे २४ तास जातात. त्यामुळे जुळणीच्या टेबलावर दोन उत्तम कारागीर असले, तरी शिकंज्यांचे संच चारच असतील तर एका वेळी चारच चौकटी आवळता येतात. अशा ठिकाणी तिसरा कारागीर आणण्यापेक्षा आणखी शिकंजे आणणे कितीतरी स्वस्त पडते.

ड्रॉइंग आणि कटिंग लिस्ट हेही टप्पेच आहेत आणि त्यांना वेळ द्यावा लागतो. २४४० गुणिले १२२० मिमीच्या बोर्डातून ६१० मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या कागदावर निघतात, पण करवतीवर निघत नाहीत, कारण पात्याच्या जाडीतच ३ ते ४ मिमी जातात. कपाटाची खोली ६०० मिमी धरली तर दोन्ही पट्ट्या एका बोर्डात बसतात. ६१० धरली तर प्रत्येक बोर्डामागे जवळजवळ अर्धा बोर्ड तुकड्यांत जातो आणि कटिंगवाल्याचे काम वाढते. रेषांची दिशा सांभाळायची असेल तर पट्ट्या फिरवून बसवण्याची सोयही राहत नाही. ड्रॉइंग करणाऱ्याने कटिंगच्या यंत्राजवळ उभे राहून आपली मापे एकदा तपासली, तर पुढचे अनेक तास वाचतात.

लाकडाच्या ओलाव्याचाही वेळापत्रकात विचार करावा लागतो. घरात वापरायच्या फर्निचरसाठी लाकडातला ओलावा हवामानानुसार सुमारे ८ ते १२ टक्के असावा, आणि कोरड्या, तापवलेल्या खोल्यांसाठी ६ ते ८ टक्के. लाकूड तंतूंच्या लांबीत फारसे आकसत नाही, पण रुंदीत आकसते. त्यामुळे घाईघाईने घेतलेल्या ओल्या फळ्यांचा टेबलटॉप पोचवून झाल्यावर वाकतो किंवा सांध्यात उघडतो. आलेले लाकूड वर्कशॉपच्या हवेत मधे पट्ट्या घालून रचून ठेवायचे, ओलावामापकाने तपासायचे आणि मगच कापायला घ्यायचे. हे दिवस कोणाच्या मजुरीत दिसत नाहीत, तरी तारीख देताना ते मोजलेच पाहिजेत.

वेळ मोजण्याची पद्धत

अंदाजाने सांगितलेले वेळ बहुधा कमी असतात, कारण कारागीर प्रत्यक्ष हत्यार चालवण्याचा वेळ सांगतो. फळी शोधणे, पाते बदलणे, जिग (भाग धरून ठेवणारा साचा) लावणे, नग उचलून दुसऱ्या टेबलावर नेणे हे त्याच्या हिशोबात येत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याचे वेळ वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांखाली, घड्याळ लावून नोंदवावेत. हे काम करण्याआधी कारागिरांना उद्देश नीट समजावून सांगावा. आपली गती तपासून पगार कापला जाणार आहे असा समज झाला, तर त्या दिवसाचे आकडे काहीच खरे सांगणार नाहीत.

यंत्र लावण्याचा वेळ आणि प्रत्येक नगाचा वेळ हे दोन आकडे वेगळे ठेवावेत. कुसू काढण्याचे यंत्र लावायला ३० मिनिटे आणि प्रत्येक भागाला २ मिनिटे लागत असतील, तर ४ भागांसाठी एकूण ३८ मिनिटे जातात, म्हणजे भागामागे साडेनऊ. ४० भाग एकदम घेतले तर ११० मिनिटे, म्हणजे भागामागे पावणेतीन. हा फरक पाहून सगळे काम मोठमोठ्या घाण्यांत, म्हणजे एकदम घेतलेल्या नगांच्या गटांत, करण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण मोठा घाणा पुढच्या टप्प्याला तितकाच जास्त वेळ ताटकळत ठेवतो. ज्या यंत्राला लावायला वेळ लागतो तिथे मोठा घाणा, आणि जुळणीपासून पुढे लहान घाणा, असे धोरण मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

माणसाचा दिवस आठ तासांचा असला तरी नियोजनात साडेसहाच धरावेत. विश्रांती, साफसफाई, मालाची उतराई, धार लावणे आणि एकमेकांना विचारणे यांत उरलेला वेळ जातोच, आणि तो जायलाही हवा. रजा आणि आजारपण यांसाठी दहा माणसांमागे नऊच धरावीत.

एका ऑर्डरचा हिशोब

आता तीस टेबलांची एक ऑर्डर घेऊन दोन्ही खाती मांडू. वर्कशॉपमध्ये सहा माणसे आहेत. प्रत्येक टेबलाला कापणे व रंधणे ५० मिनिटे, खाचा व छिद्रे ४०, जुळणी ६०, मधल्या घासाईसह सगळी घासाई ७५, फिनिशच्या तीन हातांची फवारणी ३६, आणि फिटिंग-पॅकिंग ३५ मिनिटे लागतात. बेरीज २९६ मिनिटे होते. तीस टेबलांचे १४८ तास. सहा माणसे रोज साडेसहा तास, म्हणजे ३९ तास देतात. भागाकार केला तर चार दिवसांच्या आत काम संपायला हवे, आणि थोडी सवड ठेवून ग्राहकाला सहा दिवसांनंतरची तारीख दिली जाते.

आता जागेचे खाते पाहू. पॉलिशच्या खोलीत एका वेळी दहा टेबले मावतात. सकाळी सीलर, दुपारी मधली घासाई आणि पहिला हात, दुसऱ्या दिवशी शेवटचा हात आणि मग रात्रभर वाळणे, असा क्रम धरला तर दहा टेबलांचा एक घाणा दोन दिवस खोली अडवतो. तीन घाण्यांना सहा दिवस लागतात. पहिला घाणा खोलीपर्यंत पोचायला, आवळून ठेवलेल्या रात्री धरून, तीन दिवस जातात आणि शेवटच्या घाण्याच्या फिटिंगला एक दिवस. एकूण दहा दिवस. चार आणि दहा यांतला हा फरक कोणाच्या आळसामुळे पडलेला नाही. खोलीतून रोज सरासरी पाचच टेबले बाहेर पडू शकतात, एवढेच त्याचे कारण आहे.

या ठिकाणी फवारणी करणाऱ्याकडे पाहावे. रोज पाच टेबलांची फवारणी म्हणजे १८० मिनिटे, म्हणजे तीन तास. उरलेला वेळ तो रिकामा दिसतो, म्हणून कोणालाही वाटेल की त्याच्यावर कामाचा भार कमी आहे. शेजारी कटिंगचा कारागीर सकाळपासून संध्याकाळपर्यंत घामाघूम झालेला असतो, म्हणून तिथे माणूस कमी आहे असा निष्कर्ष निघतो. दोन्ही निष्कर्ष उलटे आहेत. कटिंगवाला पूर्ण वेगाने चालला तर रोज जवळजवळ आठ टेबलांचे भाग काढतो, खोलीतून बाहेर पडतात पाच. सहा दिवसांत सुमारे सतरा टेबलांचे भाग मधल्या वाटेवर साचतात. ते एकमेकांवर घासतात, त्यांच्या कडा दबतात, एखादी आडवी पट्टी हरवते आणि कपाटाच्या कामासाठी लागणारे टेबल त्यांनी अडवलेले असते.

म्हणून नियम असा की ज्या टप्प्यावर काम तुंबते, त्याच्या गतीने बाकीचे टप्पे चालवावेत. या उदाहरणात कटिंगने रोज पाचच टेबलांचे भाग काढावेत. तेवढ्या गतीला रोज एकूण २४ तास ४० मिनिटांचे काम लागते, म्हणजे चार माणसांपेक्षा किंचित कमी. उरलेल्या दोन माणसांना घरी बसवायचे नाही. त्यांना पॉलिशच्या खोलीत जावे लागत नाही असे काम द्यायचे, उदाहरणार्थ तयार लॅमिनेटच्या बोर्डाची कपाटे. कोणत्या ऑर्डरी एकाच आठवड्यात घ्यायच्या हे ठरवताना त्यांची एकूण किंमत पाहण्याआधी त्या एकाच अडणाऱ्या टप्प्यावर धडकतात का, हे पाहावे.

खोलीची क्षमता वाढवता येते. टॉप वेगळे आणि पाय वेगळे फिनिश करून, टॉप खणांच्या घोडीवर एकावर एक आणि पाय आकड्यांना टांगून ठेवले, तर त्याच खोलीत दहाऐवजी पंधरा टेबले मावू शकतात. मात्र पंधराचा घाणा तयार व्हायला आधीचा वेळ एका दिवसाने वाढतो. म्हणून या ऑर्डरीत दहाचे नऊ दिवस होतात, सहा होत नाहीत. खरा फायदा पुढच्या ऑर्डरींना मिळतो, कारण खोलीतून आता रोज सरासरी साडेसात टेबले निघू शकतात. आणि इथेच दुसरी अडचण उभी राहते. साडेसात टेबलांना रोज ३७ तास लागतात, आपल्याकडे आहेत ३९. म्हणजे आता माणसांचे खाते ९५ टक्के भरले, आणि अडणारा टप्पा खोलीतून उठून माणसांवर आला.

भार शंभर टक्के का धरू नये

९५ टक्के भरलेले खाते पाहून मालकाला समाधान वाटते. पण ऑर्डरी अनियमित येतात आणि कामाचे वेळ कमीजास्त होतात, तेव्हा एकाच ठिकाणी होणाऱ्या कामाच्या रांगेचे अगदी साधे गणित असे सांगते की भार ८० टक्के असताना काम रांगेत सरासरी स्वतःच्या वेळेच्या चौपट थांबते, ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. प्रत्यक्ष वर्कशॉप या गणिताइतके अनियमित नसते, त्यामुळे आकडे थोडे सौम्य होतात, पण वळण तेच राहते: शेवटच्या काही टक्क्यांत विलंब झपाट्याने वाढतो. एक पाते तुटले, एक माणूस आला नाही, पावसाळी हवेत सीलर उशिरा वाळला, की ते नुकसान भरून काढायला कुठेच फट उरत नाही. मी ८५ टक्क्यांपुढे आठवडा भरू नये असे म्हणेन. वरच्या उदाहरणात याचा अर्थ ३३ तासांचे काम, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या आसपास टेबले.

वर्कशॉपमध्ये एका वेळी अर्धवट किती नग आहेत, यावरही मर्यादा हवी. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेले एक सूत्र इथे थेट उपयोगी पडते: अर्धवट नगांची सरासरी संख्या भागिले रोज बाहेर पडणारे नग म्हणजे एका नगाला लागणारे सरासरी दिवस. रोज पाच टेबले निघत असतील आणि आत चाळीस असतील, तर प्रत्येक टेबलाला आठ दिवस लागणार. ग्राहकाला बरे वाटावे म्हणून आणखी वीस ‘सुरू करून’ ठेवली, तर बारा दिवस लागणार. लवकर सुरू केल्याने माल लवकर तयार होत नाही.

माणसांची आखणी

एक मोठा तक्ता करावा. डावीकडे माणसांची नावे, वर टप्पे. प्रत्येक चौकोनात तीनपैकी एक खूण: देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. तक्ता भरल्यावर उभ्या रांगा वाचाव्यात. ज्या रांगेत ‘एकटा करतो’ किंवा त्यावरची खूण एकाच माणसासमोर आहे, तिथे वर्कशॉप त्या एका माणसाच्या तब्येतीवर उभे आहे. बहुतेक लहान वर्कशॉपमध्ये ती रांग फवारणीची किंवा ड्रॉइंगची असते. दुसरा माणूस तयार करण्यासाठी आठवड्यातला ठरावीक वेळ राखून ठेवावा आणि तो वेळ क्षमतेतून सरळ वजा करावा, नाहीतर प्रत्येक घाईच्या आठवड्यात शिकवणीच पहिली रद्द होते.

हातखंडा कारागिराकडून कोणती कामे करून घ्यायची, हाही नियोजनाचाच प्रश्न आहे. ज्याच्या हाताला ड्रॉवरचा सांधा पहिल्या फटक्यात बसतो, तो माणूस जर बोर्ड उचलण्यात आणि पॅकिंगमध्ये दिवसाचे दोन तास घालवत असेल, तर मदतनीस ठेवणे हा खर्च राहत नाही. मदतनिसालाही कामाची वाट दिसली पाहिजे. घासाईपासून सुरुवात, मग फिटिंग, मग जुळणी, असा क्रम त्याला तोंडी सांगितलेला असावा.

जादा तास लावायचे तर फक्त अडणाऱ्या टप्प्यावर लावावेत. इतरत्र लावलेले जादा तास फक्त ढीग वाढवतात. करवत, रंधा आणि राउटर यांवर थकलेल्या माणसाला कधीही कामाला ठेवू नये. तारीख पुढे ढकलता येते, बोट पुन्हा लावता येईलच असे नाही.

धुळीचे आणि हवेचे गणितही क्षमतेत येते. धूळ ओढणारे यंत्र एका वेळी दोनच तोंडांना पुरेशी ओढ देत असेल, तर पाच यंत्रे असूनही एका वेळी दोनच चालवावीत. कॉम्प्रेसरचेही तसेच, फवारणीची बंदूक आणि हवेवर चालणारे घासाईचे दोन सँडर एकदम लावल्यावर हवेचा दाब कमी होत असेल, तर त्यांची वेळ वाटून द्यावी. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच घातली आहे, त्यामुळे ओढ अपुरी असताना यंत्र चालवण्याची सवलत कोणत्याही घाईला देऊ नये.

आठवड्याचे वेळापत्रक

तारखेपासून मागे यावे. पोचवण्याचा दिवस, त्याआधी पॅकिंग, त्याआधी फिटिंग, त्याआधी पॉलिशच्या खोलीतले दोन दिवस. खोलीतले दिवस आधी ठरवावेत आणि बाकीचे टप्पे त्यांच्या मागेपुढे बसवावेत. भिंतीवर एक फळा पुरतो: आडवे दिवस, उभे टप्पे, प्रत्येक घाण्याचे एक कार्ड. संगणकावरचा तक्ता मालकाला सोयीचा असतो, पण कारागीर हात पुसत जाता-जाता जे पाहतो, तेच वेळापत्रक वर्कशॉपमध्ये चालते.

फळ्यावर कार्ड लावण्याची अट कडक असावी. ड्रॉइंगवर ग्राहकाची सही, लाकूड किंवा बोर्ड हातात, बिजागऱ्या, चॅनेल, कुलपे, हँडल हे सगळे मोजून एका पेटीत, एवढे झाल्याशिवाय कार्ड कटिंगच्या रांगेत जाऊ नये. चॅनेलची लांबी बदलली की ड्रॉवरची बाजू बदलते, आणि कापून झालेली बाजू लांब करता येत नाही. ग्राहकाला तारीखही याच अटीनुसार द्यावी: ड्रॉइंग मंजूर होऊन सर्व सामान आल्यापासून इतके कामाचे दिवस.

अडणाऱ्या टप्प्यासमोर नेहमी एक घाणा तयार असावा, म्हणजे मागे काही बिघडले तरी ती खोली किंवा ते यंत्र रिकामे राहणार नाही. तपासणीही त्या टप्प्याच्या आधीच करावी. खरचटलेला टॉप सीलर मारल्यानंतर सापडला, तर लाकूड आणि मजुरीबरोबर खोलीतली जागाही वाया जाते, आणि तीच आपल्याकडे सर्वांत कमी आहे.

क्षमता वाढवण्याचा निर्णय

काम वाढले की नवे यंत्र घेण्याची इच्छा होते. त्याआधी काही पायऱ्या चढून पाहाव्यात. अडणाऱ्या टप्प्याचा वेळ कुठे वाया जातो ते पाहावे. खोलीत रात्री किती नग आहेत, यंत्र किती वेळ सामानाची वाट पाहत थांबते, हे तपासावे. मग त्या टप्प्याचे जे काम दुसरीकडे हलवता येईल ते हलवावे. मग तेवढ्यापुरते जादा तास. त्यानंतर बाहेरून काम करून घेणे. एज बँडिंग (कडांना पट्टी लावणे) किंवा सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावरचे, कटिंग बाहेर सहज देता येते, कारण त्याची मापे कागदावर नेमकी सांगता येतात, पण शेवटचे फिनिश बाहेर देताना रंग आणि चमक जुळवण्याची जबाबदारी आपल्यावरच राहते. एवढे करूनही दोन-तीन महिने तोच टप्पा अडत राहिला, तर यंत्र किंवा माणूस घ्यावा, आणि घेण्याआधी वरचा हिशोब पुन्हा मांडून पुढचा अडणारा टप्पा कोणता होईल ते लिहून ठेवावे.

दर आठवड्याच्या शेवटी तीन आकडे नोंदवले तरी पुरेसे आहे: अडणाऱ्या टप्प्यातून किती नग बाहेर पडले, किती नग परत घासायला किंवा दुरुस्त करायला गेले, आणि ठरलेल्या दिवशी पोचलेल्या ऑर्डरी एकूण ऑर्डरींपैकी किती. पहिला आकडा घसरला तर सोमवारी सकाळी सर्वांत आधी त्या टप्प्यावर जाऊन तिथे काम करणाऱ्यालाच विचारावे की गेल्या आठवड्यात त्याला कशाची वाट पाहावी लागली.